विश्लेषण : संगणकावर मराठी आणि उर्दू-अरबी कीबोर्ड कसा बसवायचा? नावे हरवू नयेत म्हणून काय पाहायचे?

‘त्र्यंबकेश्वर’ हे नाव डोळ्यांना पाच अक्षरांचे दिसते. संगणक मात्र ते १३ खुणांमध्ये साठवतो. त्यातली एक खूण चुकली किंवा दुसऱ्या पद्धतीने टंकली गेली, तर पडद्यावर नाव बरोबर दिसूनही शोध घेताना ते सापडत नाही. मंदिरातल्या पूजेची नोंदणी, सेतू केंद्रातला अर्ज, सातबारावरचे नाव किंवा तीर्थपुरोहितांच्या नामावळीची संगणकीय सूची, सगळीकडे हाच प्रश्न येतो. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत अशा नोंदींची संख्या वाढतच जाणार आहे. संगणकावर कोणता कीबोर्ड बसवला आहे, यावर ती नावे पुन्हा हाती लागतील की नाही हे ठरते. मराठी, मोडी आणि उर्दू-अरबी या लिपींसाठी नेमके काय करावे लागते, ते समजून घेऊ.

त्र्यंबकेश्वरमध्ये हा प्रश्न महत्त्वाचा का?

ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे हे गाव जसे ज्योतिर्लिंगासाठी ओळखले जाते, तसेच नामावळ्यांसाठीही. यात्रेकरू आला की तीर्थपुरोहित त्याचे आडनाव आणि मूळ गाव विचारतात. त्यावरून वही काढली जाते. त्या घराण्यातले पूर्वी कोण आले होते, कोणाचा मुलगा कोण, हे त्यात लिहिलेले असते. आलेला माणूस आपल्या मुलाबाळांची नावे जोडतो, सही करतो आणि वही पुन्हा कपाटात जाते. अनेक कुटुंबांना चार-पाच पिढ्यांपूर्वीचे नाव फक्त इथेच मिळते.

जुन्या वह्यांत मोडी आहे, नंतरच्या वह्यांत बाळबोध म्हणजे देवनागरी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी व्यवहारात मोडी रूढ होती. आता पुढची पिढी या वह्यांच्या सूची संगणकावर घेऊ पाहते, तेव्हा पहिली अडचण येते ती टंकनाचीच.

जुन्या कागदातले नाव किती मोलाचे ठरू शकते, हे महाराष्ट्राने २०२३ पासून पाहिले आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा मोडी, उर्दू आणि फारसी वाचणाऱ्या जाणकारांची गरज एकदम पुढे आली. एका नोंदीवर दाखला अवलंबून असेल, तर ती नोंद संगणकात शोधता येईल अशा रीतीने टंकलेली असणे ही लहान बाब राहत नाही.

फॉन्ट आणि कीबोर्ड यांत फरक काय?

येथेच सर्वाधिक गोंधळ होतो. फॉन्ट म्हणजे अक्षराचे चित्र. कीबोर्ड म्हणजे कोणते बटण दाबल्यावर कोणती खूण साठवायची याचा नियम. या दोहोंच्या मध्ये युनिकोड आहे. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक वर्णाला त्याने एक कायमचा क्रमांक दिला आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखलेले आहेत. ‘त’चा क्रमांक २३४०, ‘र’चा २३५२. फॉन्ट बदलला, संगणक बदलला, मजकूर फोनवर पाठवला, तरी क्रमांक तोच राहतो.

युनिकोड सर्वत्र पोहोचण्याआधी मराठीत वेगळी युक्ती चालत असे. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो रोमन ‘डी’ असतो. तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. छापखान्यासाठी ही पद्धत पुरेशी होती, कारण कागदावर चित्रच उमटायचे असते. नाव शोधण्यासाठी मात्र ती कुचकामी आहे. ‘काळे’ शोधले तर संगणकाला ‘काळे’ सापडत नाही, कारण त्याच्याकडे ते साठवलेलेच नसते.

म्हणून पहिला नियम : नवी नोंद करायची ती युनिकोडमध्येच.

विंडोजवर मराठी कीबोर्ड कसा बसवायचा?

विंडोज १० आणि ११ मध्ये वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. सेटिंग्ज उघडा, ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जा आणि भाषेचा विभाग निवडा. विंडोज ११ मध्ये त्याचे नाव ‘लँग्वेज अँड रीजन’ असे आहे. तेथे ‘अॅड अ लँग्वेज’ दाबून मराठी शोधा आणि इन्स्टॉल करा.

या टप्प्यावर एक चौकट नीट पाहावी. मराठी ही विंडोजची दर्शनी भाषा करायची का, असे विचारले जाते. फक्त टंकन हवे असेल तर तिथली खूण काढून टाका. नाहीतर सगळे मेन्यू मराठीत होतात आणि इंग्रजी मेन्यूची सवय असलेला माणूस अडखळतो.

भाषा आली की तिच्या नावासमोरच्या तीन ठिपक्यांवर दाबून भाषेचे पर्याय उघडा. ‘कीबोर्ड्स’ या मथळ्याखाली दोन प्रकार मिळू शकतात : नेहमीचा मराठी कीबोर्ड, म्हणजे इनस्क्रिप्ट, आणि फोनेटिक. फोनेटिक प्रकार विंडोज १० मध्ये २०१९ च्या अद्ययावत आवृत्तीपासून मिळू लागला. दोन्ही ठेवायला हरकत नाही.

भाषा बदलण्यासाठी विंडोजचे बटण दाबून ठेवून स्पेसबार दाबा. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात कोणती भाषा चालू आहे ते दिसते. बटणांवर मराठी अक्षरे छापलेली नसतील तर कंट्रोल, विंडोज आणि ‘ओ’ ही तीन बटणे एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्ड उघडतो आणि कोणत्या बटणावर कोणते अक्षर आहे ते दाखवतो. शिफ्ट दाबल्यावर वरची अक्षरेही दिसतात. स्टिकर विकत घेण्याआधी आठवडाभर हे वापरून पाहावे.

मॅकवर सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात ‘इनपुट सोर्सेस’मध्ये मराठी जोडता येते. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीतही कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘इनपुट सोर्स’ जोडण्याची सोय आहे. अँड्रॉइड फोनवर गुगलच्या जीबोर्डमध्ये ‘लँग्वेजेस’मध्ये जाऊन मराठी निवडावी. या सर्व ठिकाणी टंकलेला मजकूर युनिकोडच असतो, त्यामुळे फोनवर लिहिलेले संगणकावर तसेच्या तसे उघडते.

इनस्क्रिप्ट घ्यावा की फोनेटिक?

फोनेटिकमध्ये रोमन अक्षरांत उच्चार लिहिला की मराठी शब्द सुचवले जातात. निरोप, पत्र, बातमी यांसाठी ते सोयीचे आहे. नावांच्या यादीसाठी मात्र धोक्याचे. रोमन लिपीत ‘काळे’, ‘काले’, ‘कळे’ आणि ‘कले’ जवळपास सारखेच लिहिले जातात. ‘साठे’ आणि ‘साथे’ यांचेही तेच. संगणक सुचवतो तो त्याला जास्त परिचयाचा शब्द असतो, समोरच्या माणसाचे आडनाव नव्हे. घाईत स्पेसबार दाबला की दुसऱ्याच घराण्याचे नाव नोंदले जाते.

इनस्क्रिप्टमध्ये अंदाज नाही. जे बटण दाबाल तीच खूण साठते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही रचना प्रमाण म्हणून पुढे आणली, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेच्या मानकात तिला स्थान मिळाले. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने अशी तिची मांडणी आहे. अल्पप्राण साध्या बटणावर आणि त्याचा महाप्राण त्याच बटणावर शिफ्टसह असतो. ‘के’वर क, शिफ्टसह ख. ‘आय’वर ग, शिफ्टसह घ. ‘एल’वर त आणि थ, ‘एच’वर प आणि फ. बाराखडी येणाऱ्याला हे पाठ करायला फार दिवस लागत नाहीत.

आणखी एक फायदा त्र्यंबकेश्वरसारख्या ठिकाणी विशेष उपयोगी आहे. गुजराती, कन्नड, तेलुगू अशा लिपींचे इनस्क्रिप्टही याच क्रमाने चालते. मराठीचा हात बसला की गुजरातहून किंवा कर्नाटकातून आलेल्या यात्रेकरूचे नाव त्याच्या लिपीत टंकताना ‘क’चे बटण बदलत नाही. फक्त भाषा बदलायची.

टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांना रेमिंग्टन रचनेची सवय असते. युनिकोडमध्ये तीही रचना वापरता येते, त्यासाठी वेगळा कीबोर्ड बसवावा लागतो. सवय मोडण्याची सक्ती नाही, पण साठवण युनिकोडची आहे याची खात्री हवी.

‘त्र्यंबकेश्वर’ टंकायचे कसे?

इनस्क्रिप्टमध्ये जोडाक्षर हलन्ताने म्हणजे पाय मोडून तयार होते. हलन्त ‘डी’ या बटणावर आहे. क्रम असा : ‘एल’ (त), ‘डी’ (हलन्त), ‘जे’ (र), ‘डी’ (हलन्त), स्लॅश (य), ‘एक्स’ (अनुस्वार), ‘वाय’ (ब), ‘के’ (क), ‘एस’ (एकाराची मात्रा), शिफ्टसह ‘एम’ (श), ‘डी’ (हलन्त), ‘बी’ (व), ‘जे’ (र). एकूण १३ खुणा. त, र आणि य यांची गुंफण फॉन्ट आपोआप करतो. लिहिणाऱ्याने फक्त उच्चाराचा क्रम पाळायचा.

ऱ्हस्व इकाराचेही तसेच. ‘किल्ला’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, पण बटण ‘क’नंतर दाबायचे. यंत्रावर शिकलेल्यांची पहिली चूक येथेच होते.

खास मराठीची अडचण आहे ती ‘र’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात अर्धा र. दुसऱ्यासाठी साधा र चालत नाही. शिफ्टसह ‘जे’ दाबून ‘ऱ’ घ्यावा, मग हलन्त, मग य. या ‘ऱ’चा क्रमांक २३५३ आहे, साध्या ‘र’पेक्षा वेगळा. काही सॉफ्टवेअर हेच रूप साध्या र आणि हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून काढतात. पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ सारख्याच दिसतात, पण एका पद्धतीने लिहिलेले दुसऱ्या पद्धतीने शोधले तर सापडेलच असे नाही. एका कार्यालयात, एका यादीत एकच पद्धत ठरवून घेणे हाच उपाय. ‘ळ’ शिफ्टसह ‘एन’वर आहे, हेही लक्षात ठेवावे. मराठी आडनावांत त्याच्यावाचून चालत नाही.

अंकांचेही तसेच आहे. मराठी अंक आणि रोमन अंक यांचे क्रमांक वेगवेगळे आहेत. गट क्रमांक किंवा वहीचे पान एकदा मराठी अंकांत आणि एकदा रोमन अंकांत लिहिले, तर यादी क्रमाने लावताना ती विस्कटते.

वेदमंत्रांच्या स्वरचिन्हांचे काय?

त्र्यंबकेश्वरात वेदाध्ययनाची परंपरा आहे, त्यामुळे हा प्रश्नही येतो. अक्षराखालची आडवी रेघ आणि अक्षरावरची उभी रेघ ही स्वरचिन्हे देवनागरीच्या १२८ जागांतच आहेत. सामवेद आणि इतर शाखांना लागणारी आणखी चिन्हे २००९ मध्ये युनिकोडच्या वेगळ्या वैदिक विभागात आली. नेहमीच्या मराठी कीबोर्डवर ती सगळी मिळत नाहीत. त्यासाठी संस्कृतचा किंवा वाढीव इनस्क्रिप्ट कीबोर्ड लागतो आणि ती चिन्हे नीट बसवणारा फॉन्टही लागतो.

मोडीत थेट टंकता येते का?

येते, पण थोडी जास्त खटपट आहे. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, स्वतंत्र जागा मिळाली. गुगलच्या नोटो मालिकेत मोडीचा फॉन्टही आहे. विंडोजच्या भाषांच्या यादीत मात्र मोडीचा तयार कीबोर्ड नसतो, तो बाहेरून आणून बसवावा लागतो.

व्यवहारात बहुतेकांना मोडीत टंकण्याची गरज नसते. मोडी वाचून देवनागरीत उतरवणे ही खरी गरज आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो आणि शब्द तोडल्याशिवाय ओळी चालतात. म्हणून वाचणाऱ्याने वहीत जसे दिसते तसे एका रकान्यात आणि आजच्या लेखनाप्रमाणे दुसऱ्या रकान्यात लिहावे. मूळ न बदलता शोध सोपा होतो.

उर्दू आणि अरबीसाठी वेगळे काय करावे लागते?

नाशिक जिल्ह्यातच मालेगावसारखे मोठे उर्दूभाषक शहर आहे. मराठवाड्यातल्या निजामकालीन महसुली कागदांत उर्दू आहे, त्याआधीच्या दख्खनी राजवटींच्या कागदांत फारसी. आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांना अरबी अर्ज भरावे लागतात. या सर्व भाषा अरबी कुळातल्या लिपीत लिहिल्या जातात.

कीबोर्ड बसवण्याची वाट मराठीसारखीच आहे : सेटिंग्ज, भाषा, ‘अॅड अ लँग्वेज’. अरबीपुढे अनेक देशांची नावे दिसतात. हवा तो देश निवडला तरी लिपी तीच राहते. मेन्यूची भाषा न बदलण्याची काळजी येथे अधिक घ्यावी, कारण अरबी मेन्यू उजवीकडून डावीकडे उलटे लागतात.

सर्वात मोठी चूक होते ती भाषा निवडताना. अरबीत प, च, ट, ड आणि ग हे उच्चार दाखवणारी अक्षरे मुळात नाहीत. फारसीने प, च आणि ग जोडले, उर्दूने ट आणि डही. त्यामुळे ‘पाटील’ किंवा ‘गायकवाड’ ही आडनावे अरबी कीबोर्डवर नीट लिहिता येत नाहीत. मजकूर उर्दूचा असेल तर उर्दूचाच कीबोर्ड घ्यावा.

दुसरी चूक ‘दऱ्या’सारखीच आहे. अरबीचा ‘ये’ आणि उर्दू-फारसीचा ‘ये’ शब्दाच्या मध्ये हुबेहूब सारखे दिसतात. पण अरबी ‘ये’चा क्रमांक १६१० आणि उर्दूच्या ‘ये’चा १७४०. ‘काफ’चेही तेच : अरबीत १६०३, उर्दूत १७०५. उर्दू नाव अरबी कीबोर्डवर लिहिले तर वाचणाऱ्याला कळत नाही, शोधणाऱ्याला मात्र नाव मिळत नाही.

अरबी लिपीत अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे दिसते. त्यासाठी वेगळी बटणे नसतात. एकच बटण दाबायचे, रूप फॉन्ट ठरवतो, जसे मराठीत ‘र’चे रूप प्र, र्म आणि ट्र यांत बदलते. ओळीची दिशा बदलण्यासाठी वर्डसारख्या अनेक प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आणि उजवीकडचे शिफ्ट दाबावे. पुन्हा मराठी दिशेसाठी कंट्रोल आणि डावीकडचे शिफ्ट. अंक मात्र उर्दू-अरबीतही डावीकडून उजवीकडे वाचले जातात, त्यामुळे मध्येच सन किंवा सर्व्हे क्रमांक आला की कर्सर उडी मारल्यासारखा वाटतो. तो बिघाड नाही. एकाच ओळीत मराठी आणि उर्दू मिसळण्यापेक्षा दोन वेगळे रकाने ठेवले की ही उडीही टळते.

कीबोर्ड बरोबर असूनही नाव का सापडत नाही?

कीबोर्ड लेखन ठरवत नाही. या गावाचेच नाव कागदोपत्री त्र्यंबक, त्रिंबक आणि संस्कृत ग्रंथांत त्र्यम्बक असे येते. माणसाला तिन्ही एकच आहेत, संगणकाला तीन वेगळे शब्द. म्हणून सूची करताना प्रमाण रूपाचा एक रकाना ठेवावा आणि शोध घेताना पर्यायी रूपेही तपासावीत.

जुन्या फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात. बदल झाल्यावर रफार, ‘ऱ्य’, ‘ळ’ आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत, कारण चुका तिथेच राहतात. मूळ फाइल पुसू नये. प्रत्येक नोंदीपुढे वहीचा आणि पानाचा क्रमांक लिहावा, म्हणजे शंका आली तर मूळ वही उघडता येते. नामावळीत जिवंत माणसांचीही नावे आणि नाती असतात. अशी यादी कोणालाही उघडता येईल अशा दुव्यावर ठेवणे टाळावे.

कीबोर्ड नीट बसला का, हे कसे तपासायचे?

तीन शब्द टंका : त्र्यंबकेश्वर, दऱ्या, काळे. ते कॉपी करून व्हॉट्सअॅपवरून फोनवर पाठवा. फोनवर रोमन अक्षरांचा गुंता दिसला तर जुनाच फॉन्ट चालू आहे. तिन्ही शब्द जसेच्या तसे दिसले तर साठवण युनिकोडची आहे. मग फोनच्या कीबोर्डवर तेच शब्द नव्याने लिहून त्या संवादात शोधा. तिन्ही सापडले तर यादीला सुरुवात करायला हरकत नाही. ‘दऱ्या’ तेवढा सापडला नाही, तर ‘र’ची पद्धत दोन ठिकाणी वेगळी आहे. पहिल्या पानावरच ती एक केली, तर पुढची हजार नावे पुन्हा टंकावी लागणार नाहीत.